दूरची वही

व्यापारी माणसाचा जीव कोठें असतो, असें कोणीं विचारलें तर तो त्याच्या वहींत असतो, हें उत्तर देण्यास आम्हांस फारसा विचार करावा लागणार नाहीं. माल आज आहे, उद्यां नाहीं. गिऱ्हाईक आज आपलें, उद्यां शेजाऱ्याचें. परंतु कोणाकडून किती येणें आहे आणि कोणाला किती देणें आहे, हें जींत लिहिलें आहे ती वही गेली, म्हणजे दुकानाचें दार उघडें असूनहि दुकान बंद झाल्यासारखेंच. म्हणूनच लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं सोन्यारुप्याच्या शेजारीं वहीहि पाटावर बसते आणि तिच्यावर कुंकवाचें बोट उमटतें. ही वही पूर्वीं गादीखालीं असे. मग ती लोखंडी कपाटांत गेली. पुढें संगणकाच्या पेटींत शिरली. आणि आतां त्या पेटींतूनहि निघून शेंकडों कोसांवरच्या एखाद्या अपरिचित इमारतींत ती राहावयास जात आहे. वहीच्या या शेवटच्या स्थलांतराविषयीं चार शब्द लिहावे, असा आमचा हेतु आहे.

विषय रुक्ष आहे, हें आम्ही जाणतों. संगणकाच्या पोटांत काय चालतें याविषयीं सुशिक्षित कुटुंबांतहि जी एक सोयीची उदासीनता असते, तिच्याशीं आमचें वैर नाहीं. वीज कशी येते हें न कळतांहि दिव्याखालीं वाचतां येतें. परंतु ज्या वस्तूवर माणसाची पत आणि पोट हीं दोन्हीं अवलंबून आहेत, ती आपल्या घरांतून उठून परक्याच्या घरीं राहावयास निघाली असतां, ती कोणत्या वाटेनें गेली आणि तिची परत येण्याची वाट मोकळी आहे कीं नाहीं, एवढें तरी घरच्या माणसांनीं पाहिलेंच पाहिजे.

गोंदिया जिल्ह्यांतील नागझिरा हें नांव पुष्कळ वाचकांना वाघांमुळें माहीत असेल. १९७० सालीं येथें अभयारण्य झालें, आणि २०१३ सालीं नवेगांवच्या रानासह त्याचा व्याघ्रप्रकल्प करण्यांत आला. हिवाळ्यांत व उन्हाळ्यांत शहरांतून मोटारी भरभरून माणसें येतात, आणि वाघ दिसला अथवा न दिसला तरी आनंदानें परत जातात. ज्या रस्त्यांनीं या मोटारी धांवतात त्या रस्त्यांवर गांवें आहेत, गांवांभोंवतीं धानाच्या बांध्या आहेत, आणि त्या बांध्यांना खत-बियाणें पुरविणारीं लहान लहान दुकानें आहेत. हें सारें मोटारींतून दिसतें, परंतु ध्यानांत राहत नाहीं.

अशाच एका कृषि केंद्राचे मालक आमच्या नात्यांतले आहेत. युरिया, धानाचें बियाणें, फवारणीचीं औषधें, ताडपत्र्या आणि दोरखंड, एवढ्यावर त्यांचा व्यवसाय चालतो. ते स्वतः गांवच्या दुकानावर बसतात. मुलानें कांहीं वर्षांपूर्वीं तालुक्याच्या गांवीं दुसरें दुकान काढलें आहे. हिशेबाचें काम १९९८ सालापासून संगणकावर होत आलें आहे. नागपुरास शिकणाऱ्या एका ओळखीच्या तरुणानें त्या वर्षीं त्यांना व्हिज्युअल फॉक्सप्रो या भाषेंत एक प्रोग्रॅम लिहून दिला. तो तरुण पुढें नोकरीनिमित्त दूर देशीं गेला. खुद्द त्या भाषेची गत याहून निराळी झाली नाहीं. तिची पुढची आवृत्ति निघणार नाहीं, असें मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २००७ सालीं जाहीर केलें, आणि २०१५ च्या जानेवारींत तिची देखभालहि थांबविली. भाषा अशा रीतीनें निवृत्त झाली. परंतु तींत लिहिलेला प्रोग्रॅम मात्र रोज सकाळीं उठून बिलें छापीत राहिला.

इतका जुना प्रोग्रॅम टाकून देऊन बाजारांत मिळणारें नवें सॉफ्टवेअर कां घेऊं नये, असें वाचक विचारतील. आम्हींहि तें विचारलें होतें. त्याचें उत्तर म्हणून मालकांनीं आम्हांस पडद्यावरचा एक रकाना दाखविला. त्या रकान्याचें नांव ‘वायदा’. बाजारच्या सॉफ्टवेअरांत अशा ठिकाणीं तारीख मागतात. येथें तारीख नाहीं. येथें तीनच शब्द लिहिले जातात : मोह, तेंदू आणि धान. ज्याचें कुटुंब मार्च-एप्रिलांत मोहफुलें वेचतें, तें त्या पैशांतून उधारी फेडणार; ज्याचें घर त्यापुढें तेंदूपत्त्याच्या हंगामांत राबतें, तें तेव्हां फेडणार; आणि ज्याची सारी भिस्त बांधीवर, तो दिवाळीनंतर धान विकल्यावर येणार. तारीख ही माणसानें ठरविलेली असते. हे वायदे झाडांनीं आणि पावसानें ठरविलेले आहेत. ज्या प्रोग्रॅमाला हें समजतें तो काढून टाकणें म्हणजे वीस-पंचवीस वर्षांच्या जुन्या मुनीमजींना निरोप देण्यासारखेंच होतें.

तथापि तो जसा होता तसा ठेवूनहि चालण्यासारखें नव्हतें, आणि याचीं कारणें तीन होतीं. पहिलें म्हणजे दुकानें दोन झालीं आणि वही एकच राहिली. जून महिन्यांत, पेरणीच्या धामधुमींत, एका दुकानावरून शेतकऱ्याला दुसऱ्या दुकानीं पाठवावें आणि तेथें पोहोंचल्यावर माल संपलेला असावा, असे प्रसंग वारंवार येऊं लागले. दुसरें कारण म्हणजे सरकारचें यंत्र. खताचें अनुदान विक्रीच्या नोंदीवरून कंपन्यांना द्यावयाची पद्धति २०१८ पर्यंत साऱ्या देशांत लागू झाली; तेव्हांपासून खत घेणाऱ्याची ओळख दुकानांतल्या एका लहान यंत्रावर पटवून, प्रत्येक पोत्याची नोंद सरकारच्या केंद्रीय वहींत जाते. परिणामीं अशी गंमत झाली कीं, गांवच्या दुकानांतून युरियाचें पोतें बाहेर पडलें तर तें दूरच्या सरकारी वहीला लगेच कळे. परंतु बापाच्या दुकानांत काय विकलें गेलें हें मुलाच्या दुकानांत कळावयास संध्याकाळ होई. तिसरें कारण, वहीचें आयुष्य. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला, आणि त्या कायद्यानें हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळण्याचें बंधन घातलें. ज्या टेबलाखालीं तो संगणक होता तेथें पावसाळ्यांत ओल आणि उन्हाळ्यांत वाळवी, हे दोन शत्रु आळीपाळीनें पहारा करीत होते.

म्हणून वही दूर ठेवावी, भाड्यानें मिळणाऱ्या मोठ्या संगणकावर ठेवावी, आणि दोन्हीं दुकानांनीं ती तेथून वाचावी, असें ठरलें. २०१५-१६ पासून मोठमोठ्या परदेशी कंपन्यांनीं मुंबईस व पुण्यास अशीं संगणकगृहें उघडलीं आहेत. तेव्हां वही देशाबाहेर जाण्याचें कारण नव्हतें. गोंदियाचा एक हुषार तरुण या कामावर बोलाविण्यांत आला.

येथें सामान्य माणसाच्या मनांत पहिली कल्पना येते ती अशी कीं, संगणकांतली फाईल उचलून मुंबईस ठेवावी आणि प्रोग्रॅमाला नवा पत्ता सांगावा, म्हणजे झालें. परंतु तसें होत नाहीं, आणि कां होत नाहीं हें समजणें मनोरंजक आहे. जुन्या पद्धतीच्या या प्रोग्रॅमांत वही राखणारा निराळा कारकून नसतो. प्रोग्रॅम स्वतःच उठतो, कपाट उघडतो, सूची चाळतो, हवें तें पान काढतो, त्यावर लिहितो आणि कपाट लावतो. कपाट त्याच खोलींत असेल, तर यांत कांहीं बिघडत नाहीं. तें मुंबईस असेल तर त्याला प्रत्येक पानासाठीं मुंबईची खेप करावी लागते. आणि पानावर अर्धी ओळ लिहिली असतां वाट तुटली, तर पान आणि सूची यांची फारकत होऊन सारी वहीच वाचेनाशी होते. म्हणून दूरच्या ठिकाणीं नुसतें कपाट असून भागत नाहीं. तेथें कारकून असावा लागतो. आपण त्याला प्रश्न पाठवावा, आणि त्यानें वही स्वतः पाहून फक्त उत्तर पाठवावें. असे कारकून आज पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याशीं बोलण्याची भाषाहि एक आहे. आय. बी. एम. कंपनींतील एडगर कॉड या गणितज्ञानें १९७० सालीं वहीची मांडणी कशी असावी याचें शास्त्र मांडलें. त्याच कंपनींतील चेंबरलिन व बॉइस या दोघांनीं १९७४ सालीं तिला प्रश्न विचारण्याची भाषा रचली. हिलाच आज एस. क्यू. एल. म्हणतात.

आमच्या जुन्या मुनीमजींना ही भाषा थोडीबहुत अवगत होती, ही सुदैवाची गोष्ट. फॉक्सप्रोच्या त्या आवृत्तींत ओ. डी. बी. सी. नामक दुभाष्यामार्फत परक्या वहीशीं बोलण्याची सोय आहे. १९९२ सालीं निघालेला हा दुभाषी अजून कामावर आहे. त्याची फक्त एक खोड सांभाळावी लागते : जुना प्रोग्रॅम बत्तीस बिटांचा असल्यानें दुभाषीहि बत्तीस बिटांचाच बसवावा लागतो. चौसष्ट बिटांच्या नव्या संगणकावर दुभाष्यांच्या नोंदीची दोन निरनिराळीं दालनें असतात. एका दालनांत दुभाषी बसवावा, आणि प्रोग्रॅमानें त्याला दुसऱ्या दालनांत शोधावें, असा प्रकार होऊन पहिले दोन दिवस गेले.

संधान जुळलें, आणि मग अंतर म्हणजे काय याचा अनुभव आला. गोंदियाहून मुंबई आगगाडीनें जवळ जवळ हजार किलोमीटर आहे. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे हजार किलोमीटर जाऊन परत यावयास त्याला सेकंदाचा शंभरावा भाग पुरे. परंतु वाट सरळ नसते, आणि वाटेंत नाकींहि पुष्कळ असतात. प्रत्यक्षांत एका प्रश्नाचें उत्तर यावयास सेकंदाचे चाळीस सहस्रांश लागत. हा अवधि इतका अल्प आहे कीं डोळ्याच्या पापणीलाहि तो पुरत नाहीं. पण जुन्या प्रोग्रॅमाची संवय अशी कीं, येणें किती तें काढावयाचें तर तो एकेक खातें विचारीत जाई. चार हजार खातीं म्हणजे चार हजार खेपा. दुकानांतल्या तारेवर, जेथें एका खेपेस सहस्रांशाचा निम्मा भाग लागे, तेथें तें काम दोन सेकंदांत होई; मुंबईहून त्याच कामाला एकशें साठ सेकंद लागूं लागले. काउंटरपुढें उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला अडीच मिनिटांहून अधिक वेळ पडद्याकडे पाहत ठेवणें, हें कोणत्याहि दुकानदाराला परवडणार नाहीं. यावर तोड अर्थातच तारेचा वेग वाढविणें ही नव्हे. मिठासाठीं एकदां, तेलासाठीं एकदां, गुळासाठीं एकदां बाजारांत जाणाऱ्या मुलाला वेगानें पळावयास शिकविण्यापेक्षां सामानाची यादी हातीं देणें शहाणपणाचें. चार हजार प्रश्नांऐवजीं एकच मोठा प्रश्न विचारावयाचा, बेरीज मुंबईंतच करवून घ्यावयाची आणि फक्त तिचें उत्तर मागवावयाचें, असें त्या तरुणानें केलें; आणि मिनिटांचें काम पुन्हां सेकंदावर आलें.

याहून अवघड निघाली ती नांवांची गोष्ट. १९९८ सालीं संगणकावर मराठी उमटविण्याची रीत आजच्यासारखी नव्हती. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें भारतीय लिप्यांसाठीं मोठें काम केलें होतें, आय. एस. सी. आय. आय. ही संकेतपद्धति १९९१ सालीं राष्ट्रीय मानक झाली होती. युनिकोडाची पहिली आवृत्तिहि त्याच वर्षीं निघाली. परंतु बाजारांत चालत होते ते निरनिराळे टंक. त्यांत अक्षर दिसे मराठी, पण पोटांत असे इंग्रजी. टंक काढून घेतला कीं ‘किसन’ किंवा ‘दुर्गा’ यांच्या जागीं रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा अर्थहीन ढीग दिसावयाचा. त्यांत आणखी असें कीं, त्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी कागदावर दिसते तशी अक्षराच्या आधीं लिहिलेली असे, तर युनिकोडांत ती अक्षरानंतर येते. रफार तेथें अक्षरानंतर, तर येथें आधीं. म्हणजे अक्षरें नुसतीं बदलून भागत नाहीं, त्यांच्या जागाहि बदलाव्या लागतात. आणि युनिकोडांत नांवें नीट केलीं, तरी जुना फॉक्सप्रो युनिकोड वाचीत नाहीं ! शेवटीं दूरच्या वहींत प्रत्येक नांवाला दोन रकाने दिले : एकांत जुन्या मुनीमजींना समजणारें रूप, दुसऱ्यांत साऱ्या जगाला समजणारें. यंत्रानें बदललेलीं हजारों नांवें मालकांनीं आणि त्यांच्या सूनबाईंनीं तीन रात्रीं बसून वाचून पाहिलीं. कोण कोणाचा मुलगा, कोण कोणत्या टोलीवरचा, हें ठाऊक असलेल्या माणसांखेरीज तें काम दुसऱ्या कोणास करतां आलें नसतें.

दाराचा प्रश्न राहिला. दूरच्या संगणकावरची वही साऱ्या जगाला दिसेल अशा दारीं ठेवली, तर त्या दारावर रात्रंदिवस थापा पडूं लागतात. कुलपें चांचपून पाहणें हाच ज्यांचा धंदा, असे लोक आणि त्यांचीं यंत्रें जगांत कमी नाहींत. म्हणून तें दार बंदच ठेवून दोन्हीं दुकानांपुरता एक खासगी मार्ग काढावा लागतो, आणि त्या मार्गानें येणाऱ्यालाहि वाचण्यापलीकडे व नवी नोंद करण्यापलीकडे अधिकार देऊं नये, हें बरें. त्यांतहि जुनें-नवें आड आलेंच. तारेवरचें बोलणें गुप्त ठेवण्याच्या दोन जुन्या रीति मार्च २०२१ मध्यें इंटरनेटच्या मानकमंडळानें मोडींत काढल्या. आणि आमच्या दुभाष्याला तर नेमक्या त्याच येत होत्या. म्हणून मध्यें एक लहानसा नवा संगणक बसविण्यांत आला. जुना त्याच्याशीं जुन्या रीतीनें बोलतो, आणि तो मुंबईशीं नव्या रीतीनें.

हें सारें चालू असतां मालक एके दुपारीं त्या तरुणास म्हणाले, “बेटा, वही मुंबईला ठेवायची, तर तिथल्या माणसाला आपल्या गांवची उधारी दिसेल कीं नाहीं ?”

“नाहीं जी, काकाजी,” तो म्हणाला. “कपाट त्यांच्या घरीं राहील, पण किल्ली आपल्यापाशीं.”

“आणि किल्ली हरवली तर ?”

“तर कपाट असूनहि वही गेली.”

या उत्तरांतला प्रामाणिकपणा आम्हांस फार आवडला. विक्रीचें बोलणें करणारे लोक पहिलें वाक्य सांगतात आणि दुसरें गिळतात.

आणि वाट तुटली तर ? नागझिऱ्याच्या बाजूस मे-जूनमधल्या वादळानें विजेचे खांब पडतात, रस्त्याच्या खोदकामांत तार तुटते, आणि रानाच्या कडेला मोबाईलचा आवाजहि कधीं येतो, कधीं येत नाहीं. बिल मुंबईस पाठविलें, पण पोंच आली नाहीं. तर बिल पोहोंचलें नाहीं असें समजावें, कीं पोंच वाटेंत हरवली असें समजावें? पुन्हां पाठवावें तर एकाच पोत्याचे पैसे दोनदां नांवें पडणार, न पाठवावें तर पोतें फुकट जाणार. या कोड्याचें उत्तर व्यापाऱ्यांच्या जुन्या शहाणपणांतच आहे. प्रत्येक बिलाला दुकानांतच क्रमांक द्यावयाचा. गांवच्या दुकानाची मालिका निराळी, तालुक्याची निराळी. आणि दूरच्या कारकुनाला ताकीद द्यावयाची कीं, एका क्रमांकाची नोंद दोनदां घ्यावयाची नाहीं. मग तेंच बिल दहा वेळां पाठविलें तरी बिघडत नाहीं. त्याचप्रमाणें, एकाच्या नांवें पडलेली रक्कम दुसरीकडे जमा झाल्याशिवाय नोंद पुरी झाली असें मानावयाचें नाहीं, हा दूरच्या वहीचा दुसरा नियम. नांवें आणि जमा यांची ही जोडी लुका पाचोली या इटालियन संन्याशानें १४९४ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या ग्रंथांत नीट मांडून दाखविली, आणि व्यापारी तर ती त्याच्याहि आधींपासून पाळीत होते. संगणकशास्त्रानें तिला नवें नांव दिलें, एवढेंच.

अखेर जी व्यवस्था ठरली ती अशी : बिल आधीं दुकानांतल्या वहींत लिहावयाचें, वाट चालू असेल तेव्हां दर पांच मिनिटांनीं तें मुंबईस जावयाचें, आणि दुसऱ्या दुकानाची शिल्लक तेथून यावयाची. वाट बंद असली तरी दुकान चालू. आंकडा पांच मिनिटें शिळा असूं शकतो. परंतु ताज्या आंकड्याच्या हव्यासापायीं गिऱ्हाइकाला रिकाम्या हातीं परत लावण्यापेक्षां तें पुष्कळ बरें.

हा प्रश्न एका दुकानाचा असता तर आम्ही इतका विस्तार केला नसता. महाराष्ट्रांत गांवोगांवच्या सेवा सहकारी संस्था वीस हजारांहून अधिक आहेत. शेतकऱ्याचें पीककर्ज बहुधा त्यांच्या वहींतून जातें. २९ जून २०२२ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें देशांतील ६३,००० संस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सॉफ्टवेअर सर्वांना समान, नाबार्डच्या देखरेखीखालीं केलेलें, आणि वही दूरच्या संगणकावर, जिल्हा बँकेशीं व राज्य बँकेशीं जोडलेली. ज्या राज्यांनीं आपलें काम आधींच केलें होतें, त्यांना संस्थेमागें ५०,००० रुपये परत मिळावयाचे होते. मात्र त्यांचें सॉफ्टवेअर राष्ट्रीय सॉफ्टवेअरशीं जुळलें पाहिजे, आणि तें १ फेब्रुवारी २०१७ नंतर सुरू झालेलें असलें पाहिजे, अशा अटी होत्या. योजनेचा हेतु चांगला आहे. वही एका सचिवाच्या पेटींत राहिली म्हणजे काय काय होतें, हें खेड्यांतल्या लोकांना पुरेपूर ठाऊक आहे. दूरची वही सहज खोडतां येत नाहीं. परंतु एकाच सांच्याची वही साऱ्या देशाला देतांना गडचिरोलीच्या, कोंकणच्या, नागझिऱ्याच्या संस्थांनीं आपापल्या वह्यांत जे ‘वायद्या’सारखे रकाने आंखून ठेविले असतील, त्यांचें काय होणार, हा प्रश्न कोणीतरी विचारलाच पाहिजे. आंकडे नव्या वहींत जातात. आंकड्यांच्या कडेला लिहिलेलें शहाणपण पुष्कळदां जुन्या वहींतच राहतें.

आणि येथें या प्रदेशाचीच एक गोष्ट आमच्या मनांत येते. पूर्व विदर्भांत माजी मालगुजारी तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. कोहळी मंडळींनीं आणि गांवच्या मालगुजारांनीं ते बांधले, आणि पिढ्यान् पिढ्या गांवानें त्यांची पाळ राखली, गाळ काढला, पाण्याची वांटणी केली. १९५१ सालीं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. मालगुजारी जाणें न्याय्यच होतें. परंतु तलाव ज्याच्या नांवावर गेला तो दूर होता, आणि जे जवळ होते त्यांना तो आपला वाटेनासा झाला. पुष्कळ तलाव गाळानें भरत गेले. पाणी दुसऱ्याच्या नांवावर गेलें याहून, पाळ कोणी पाहावयाची हें ठरलें नाहीं, यानें अधिक नुकसान झालें.

वहीचेंहि असेंच होण्याचा संभव आहे. ती दूर गेली म्हणजे घरचा माणूस निर्धास्त होतो. ज्यांच्याकडे ती असते ते फक्त कपाटाची हमी देतात. म्हणून पाळ पाहण्याचें काम नेमून द्यावें लागतें. कंपन्यांच्या हिशेबांविषयीं सरकारनें ऑगस्ट २०२२ मध्यें असा नियम केला कीं, त्यांची प्रत रोजच्या रोज भारतांतल्या संगणकावर ठेवली गेली पाहिजे. आमच्या आप्तांचें दुकान कंपनी नव्हे. तरी त्यांनीं हा नियम आपल्या घरीं उलट्या दिशेनें लागू केला आहे. रोज रात्रीं मुंबईच्या वहीची एक प्रत गांवीं येते, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं सूनबाई ती दुसऱ्या संगणकावर उघडून एका खात्याची बेरीज पडताळून पाहतात. जी प्रत कधीं उघडून पाहिली नाहीं ती प्रतच नव्हे, असें त्या तरुणानें त्यांना बजावून सांगितलें आहे. किल्लीची नक्कल एका लिफाफ्यांत घालून तो लिफाफा दागिन्यांच्या पेटींत ठेवला आहे.

या खटाटोपांतून एक अनपेक्षित गोष्ट घडली, ती सांगून हा लेख पुरा करतों. दोन्हीं दुकानांच्या वह्या एके ठिकाणीं आल्यावर ‘वायदा’ या रकान्याची बेरीज प्रथमच एका प्रश्नासरशी पडद्यावर आली. त्या वसंतांत अवेळीं पाऊस होऊन मोहाचें फूल बरेंचसें गळून गेलें होतें. मोहाच्या भरंवशावर कोणत्या घरांनीं खत-बियाणें नेलें आहे, हें मालकांना पूर्वीं एकेक घर आठवून कळे. आतां तीं सारीं घरें एका यादींत त्यांच्यापुढें उभीं राहिलीं. हीच यादी दुसऱ्या एखाद्या सावकाराच्या हातीं पडली असती, तर कोणत्या दारीं आधीं तगाद्याला जावें हें त्याला नेमकें समजलें असतें. आणि किल्लीविषयीं मालक इतके कां विचारीत होते, याचा उलगडा आम्हांस त्या वेळीं झाला. ते बराच वेळ यादी वाचीत राहिले. मग मुलाला फोन करून त्यांनीं एवढेंच सांगितलें कीं, यंदा कोणाला मोहाचें विचारूं नकोस. आणि स्वतः कळफलकापुढें बसून, एकेका नांवापुढचा ‘मोह’ खोडून, ते तेथें ‘धान’ असें लिहीत गेले.